कोणी वापरत नसताना वाहणारं पाणी: पुण्यातल्या घरांसाठी नळ, टाकी आणि मोरीची निगा

पाणी वाचवायचा विषय निघाला की बोलणं दात घासताना नळ बंद ठेवण्यापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. ती सवय चांगलीच आहे, लावून घ्यावी. पण घरातलं जे पाणी कोणाच्याच उपयोगी न पडता जातं, त्यातलं बरंचसं आपण झोपलेलो असताना, कामावर गेलेलो असताना जातं. फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये आवाज न करता उतरणारी धार, गच्चीवरच्या टाकीतून ओसंडून पन्हाळीत जाणारं पाणी, सोलरचं गरम पाणी येईपर्यंत मोरीत सोडलेली गार बादली. हे थांबवायला संयम लागत नाही. एक स्लाइड पान्हा, थोडी टेफ्लॉन टेप आणि एक रविवार लागतो.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. ते एकट्या पुण्याचं नाही. त्याच साखळीतून कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेताला पाणी जातं, आणि आपण मोरीत सोडतो ते मुळा-मुठेतून भीमेला मिळून उजनीत पोचतं. उजनीचं पाणी सोलापूर पितं. म्हणून मी पाण्याची बचत आणि सांडपाण्याची काळजी या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही. पुढचा क्रमही त्याच हिशेबाने लावला आहे: आधी गळती, मग वापर, मग निचरा, शेवटी सोसायटीची टाकी आणि गच्ची.

आधी आपल्या घरातले कॉक ओळखा

घरात पाईप फुटला तर पाणी कुठून बंद करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. दहा वर्षांच्या मुलालासुद्धा. बहुतेक फ्लॅटमध्ये मेन कॉक संडास-बाथरूमच्या माळ्यावर, डक्टमध्ये किंवा बाथरूमच्या दाराच्या वर असतो. पुण्यातल्या नव्या इमारतींत एकाच घरात दोन-तीन वेगळ्या लाइन असतात: महापालिकेचं पिण्याचं पाणी, बोअर किंवा टँकरचं वापरायचं पाणी आणि सोलरचं गरम पाणी. एकेक कॉक बंद करा, घरातले सगळे नळ उघडून पाहा, कुठला थांबला ते लिहा आणि त्या कॉकला पक्क्या शाईने चिठ्ठी बांधा.

दांडीचा कॉक असेल तर दांडी पाईपच्या दिशेने म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. गोल चाकाचा असेल तर पूर्ण उघडल्यावर पाव आटा मागे फिरवून ठेवा, म्हणजे तो अडकून बसत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक कॉक बंद-चालू करायचा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आट्यांवर बसला की ऐन वेळी तो हलत नाही, आणि जोर लावला तर मोडून हातात येतो.

गावाला जाताना मेन कॉक बंद करूनच कुलूप लावा. कमोडच्या जेट स्प्रेची आणि बेसिनखालची विणलेली कनेक्शन नळी चोवीस तास दाबाखाली असते. ती फुटली की खालच्या घराच्या छतातून पाणी येईपर्यंत कोणाला कळत नाही. जेटचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून नळी निघते तिथला छोटा कॉक, तर रोज रात्री बंद करायला हरकत नाही.

गळती शोधायची कशी

फ्लशपासून सुरुवात करा. ठिबकणारा नळ निदान दिसतो आणि ऐकू येतो. फ्लशची गळती कमोडच्या आतल्या उतारावरून पातळ पदरासारखी सरकते, ती ना दिसते ना ऐकू येते.

रात्री शेवटचा वापर झाल्यावर फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे पाच-सहा थेंब किंवा खाण्याचा रंग टाका. वीस मिनिटं फ्लश करू नका. मग कमोडच्या पाण्यात बॅटरी मारून पाहा. रंग उतरला असेल तर टाकी गळते आहे.

आता दोष कुठे ते ठरवायचं. टाकीचं झाकण काढा. मधल्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत पाणी चढलेलं असेल तर बॉल कॉक, म्हणजे तरंगत्या फ्लोटने टाकी भरली की पाणी थांबवणारा कॉक, नीट बंद होत नाही आणि जादा पाणी त्या नळीतून खाली जातं. पाण्याची पातळी नळीच्या तोंडाच्या साधारण दोन सेंटिमीटर खाली राहील असा फ्लोट स्क्रूने खाली घ्या. पातळी बरोबर असेल तर अँगल कॉक बंद करा, टाकीच्या आत पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि तासभर थांबा. पाणी खुणेच्या खाली गेलं म्हणजे तळाचं रबरी सील गेलं आहे. ते काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, क्षार निघून जाईल. रबर कडक झालं असेल किंवा त्याला चीर असेल तर बदला. भिंतीत बसवलेल्या टाकीलाही हेच लागू आहे. बटणांची पट्टी हाताने निघते, आत छोटा कॉक आणि सील असतं. त्यासाठी टाइल फोडावी लागते असं कोणी सांगितलं तर दुसऱ्या प्लंबरला विचारा.

ठिबकणाऱ्या नळाखाली मोजायचा कप पंधरा मिनिटं ठेवा. जमलेल्या पाण्याला 96 ने गुणलं की दिवसाचा हिशेब मिळतो. कपात 200 मिली आलं तर दिवसाला 19 लिटर, म्हणजे आंघोळीची एक बादली. हा आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवा. प्लंबरला फोन करायचा आळस त्याने पटकन जातो.

भिंतीला ओल धरली, पोपडे सुटले, किंवा खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन वर आल्या, तर लगेच टाइल फोडायला घेऊ नका. घरातल्या पाण्याची ओल बहुधा दोन ठिकाणांहून येते: पुरवठ्याच्या पाईपमधून किंवा निचऱ्याच्या वाटेने. पुरवठ्याचा पाईप सतत दाबाखाली असतो, म्हणून त्याची गळती चोवीस तास चालते. निचऱ्याची गळती मोरी वापरली की तेवढ्यापुरती होते. दोन-तीन दिवस ती मोरी अजिबात वापरू नका, पण मेन कॉक चालू ठेवा. ओल तशीच राहिली किंवा वाढली तर पुरवठ्याचा पाईप. कमी होत गेली तर न्हाणी ट्रॅप (मोरीच्या भोकाखालची पाणी धरून ठेवणारी वाटी), त्याचा सांधा किंवा टाइलमधल्या फटी. मग न्हाणीच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवून मोरीत दोन बोटं रंगीत पाणी तासभर साठवा आणि खालच्या छताला रंग येतो का ते पाहा. फटींमधूनच येत असेल तर जुना भराव खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून भागतं. दोन शेजाऱ्यांचं वैर आणि हजारो रुपयांची तोडफोड या चाचणीने वाचते. पुण्यातल्या किती सोसायट्यांच्या वार्षिक सभा या एका विषयावर रात्री अकरापर्यंत लांबतात, हे पाहिलेल्या माणसाने तरी ती करून पाहावीच.

पाईपला टाइलच्या मागे गाडताना सांध्यांपाशी उघडता येईल असं छोटं झाकण ठेवायला गवंड्याला सांगा. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पेठांतल्या हौदांना जमिनीखालून पाणी आणलं, तेव्हा त्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास, म्हणजे हवा जायला आणि आत पोचायला ठेवलेली उभी तोंडं, बांधले होते. दुरुस्तीला जाता येईल अशी वाट आधीच ठेवायची, हे शहाणपण या गावात अडीचशे वर्षांहून जुनं आहे.

नळाचा वायसर बदलणं

हे काम घरी होतं. प्लंबर छोट्या कामाला लवकर येत नाही, आणि तो येईपर्यंत नळ महिनाभर ठिबकत राहतो.

1. मेन कॉक बंद करा आणि तोच नळ उघडा, म्हणजे पाईपमधलं पाणी आणि दाब निघून जाईल. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, नाहीतर स्क्रू तिथेच जातो.

2. मुठीवरचं लाल-निळं टोपण नखाने किंवा चाकूच्या टोकाने उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा.

3. आतला स्पिंडल, म्हणजे मूठ ज्यावर बसते तो दांडा, पान्ह्याने उलटा फिरवून काढा. पान्ह्याच्या जबड्यात फडकं घाला, नाहीतर पॉलिश जातं.

4. जुन्या, गोल गोल फिरवायच्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असतो. पाव आट्यात उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो. चिनी मातीच्या दोन चकत्यांची कार्ट्रिज असते, ती अख्खी बदलायची. दोन्ही बाबतींत जुना भाग खिशात घालून दुकानात न्या. वरच्या दातांची संख्या आणि लांबी कंपनीगणिक वेगळी असते, नुसत्या वर्णनावर मिळणारी वस्तू बसत नाही.

5. नवा भाग घालण्याआधी नळाच्या आत बोट फिरवा. वायसर ज्या कडेवर बसतो ती गुळगुळीत लागली पाहिजे. रेती असेल तर पुसा. कड खडबडीत झाली असेल तर नवा वायसर पुन्हा लवकर कापला जाईल. मग नळच बदललेला स्वस्त पडतो.

6. हाताने घट्ट करा, मग पान्ह्याने अगदी थोडं. मेन कॉक हळूहळू उघडा.

ठिबकणारा नळ जोर लावून आवळणं हा उपाय नाही, त्याने वायसर आणखी लवकर कापला जातो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर फिट करताना सुटते. प्लॅस्टिकच्या सांध्यांना पान्ह्याचा पूर्ण जोर कधीच लावू नका.

धार किती हवी

एक लिटरची बाटली स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरा. पाच सेकंदांत भरली तर तुमचा नळ मिनिटाला 12 लिटर पाणी देतो. भांडी धुवायला एवढं लागत नाही, दहा सेकंदांत बाटली भरणारी धार पुरते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सिंकखालचा अँगल कॉक अर्धा बंद करणं. एक पैसा लागत नाही. त्यानंतर नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी बसवा. मिनिटाला तीन ते सहा लिटर देणाऱ्या जाळ्या मिळतात. वॉशबेसिनला तीन लिटरची चालते. बादली भरायच्या नळाला मात्र लावू नका, तिथे बादली तेवढीच भरायची असते, फक्त वेळ जास्त जातो.

जाळी दोन महिन्यांतून एकदा काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा आणि जुन्या ब्रशने घासा. धार वाकडी यायला लागली की समजावं, जाळीत रेती आणि क्षार बसला आहे.

उंच इमारतींतल्या खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब फार असतो. दर दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे गच्चीची टाकी साठ मीटर वर असेल तर तळाच्या घरात सहा बार. त्याने नळ, जेट, गीझर सगळ्यांचे सांधे लवकर जातात. अशा इमारतीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नीट चालतो आहे का, हे सोसायटीकडून तपासून घ्या.

गुरुवार आणि शुक्रवार

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं ते बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने पाणी येतं. या दोन दिवसांत घराघरांतून वाया जाणारं पाणी पाहून मला खरंच वाईट वाटतं. बुधवारी रात्री पिंप, बादल्या, पातेली, पिठाचे डबेसुद्धा भरायचे आणि शुक्रवारी नळाला पाणी आलं की ते सगळं 'शिळं' म्हणून ओतून द्यायचं. पाणी भाजीसारखं एका रात्रीत शिळं होत नाही. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात, ओगराळ्याने काढलेलं पाणी दोन-तीन दिवस पिण्याजोगं राहतं. पिण्याचं नको वाटलं तर पोछा, कपडे, फ्लश यांना वापरा. भरायचंही मोजून. शहरांसाठी माणशी दिवसाला 135 लिटरचं प्रमाण धरतात, त्यात आंघोळ, कपडे, संडास सगळं येतं. चार माणसांना एका बंद दिवसासाठी पिण्या-स्वयंपाकाचे वीस-पंचवीस लिटर वेगळे आणि बाकी वापरायचं पाणी एवढं पुरतं.

अपवाद डासांचा. उघडं पिंप आठवडाभर तसंच राहिलं तर त्यात डेंग्यूचे डास होतात. झाकण ठेवा, आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतल्या कडा घासा. अंडी कडांना चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

पाणी गेलेलं असताना कोणीतरी नळ उघडून बघतो आणि तसाच सोडतो. बाहेर पडताना सगळे नळ हाताने फिरवून बघायचे, ही गुरुवारची शिस्त ठेवा. शुक्रवारचं पहिलं पाणी गढूळ असतं, कारण रिकाम्या पाईपमधला गाळ सुटून येतो. ते फिल्टरमध्ये, गीझरमध्ये किंवा वॉशिंग मशीनमध्ये जाऊ देऊ नका. मोरीतला नळ उघडून पहिल्या दोन बादल्या फ्लशसाठी बाजूला ठेवा, पाणी निवळलं की मगच बाकीचे कॉक उघडा.

सोलरचं गार पाणी

गच्चीवर सोलर असलेल्या इमारतीत सकाळी गरम पाणी यायच्या आधी पाईपमधलं रात्रभर गार झालेलं पाणी येतं. खालच्या मजल्यांवर ते एक-दोन बादल्या सहज भरतं, आणि बहुतेक घरांत सरळ मोरीत जातं. नळाखाली कायमची एक रिकामी बादली ठेवा, ते पाणी मशीनला किंवा कपडे भिजवायला घ्या. घरातल्या सगळ्यांनी आंघोळी लागोपाठ उरकल्या तर पाईप पुन्हा गार होत नाही. नवी इमारत असेल किंवा पाईप बदलायचे असतील, तर सोसायटीने परतीची लाइन (पाईपमधलं गार पाणी पुन्हा सोलरच्या टाकीत नेणारी) आणि टायमर लावलेला छोटा पंप बसवावा. पहाटे तासभर पाणी फिरत राहतं आणि नळ उघडल्याबरोबर गरम येतं. पाईपला फोमचं वेष्टण असेल तर पंपाची वीजही कमी लागते.

आरओ लागतो का, हे आधी मोजा

घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी मऊ असतं. पिण्याच्या पाण्यासाठी विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. नळाचं धरणाचं पाणी त्याच्या पुष्कळ खाली असतं. अशा पाण्याला आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी फेकून देणं. जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांचा) किंवा यूएफ (बारीक पडद्याचा) फिल्टर, नाहीतर उकळणं पुरेसं आहे. बोअर किंवा टँकरचंच पाणी प्यावं लागत असेल तर गोष्ट वेगळी. छोटा टीडीएस मीटर सोसायटीत एक घेतला तरी सगळ्यांना पुरतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळा मोजा.

आरओ असेलच तर बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी कॅनमध्ये सोडा. फरशी, संडास, गाडी यांना ते चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात आणि पानांच्या कडा जळतात. कुंड्यांसाठी तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं पाणी उत्तम, आणि मातीवर पालापाचोळ्याचा दोन बोटं थर दिला तर पाणी एक दिवसाआड घालून चालतं.

आंघोळीचं, कपड्यांचं थोडक्यात सांगते. बादलीने आंघोळ, मशीन पूर्ण भरल्यावरच, मशीनचं शेवटचं खळबळलेलं पाणी संडास-मोरी धुवायला. भांड्यांसाठी दोन टब: एकात विसळणं, दुसऱ्यात शेवटचा हात. भांडी मावशी घासत असतील तर त्यांना विचारून, त्यांच्या उंचीला आणि हाताला सोयीचं होईल असं मांडा. नुसतं 'पाणी कमी वापरा' म्हणून चालत नाही, त्यांना पुढच्या चार घरी पोचायचं असतं.

मोरी आणि सिंक का तुंबतं

सिंक तुंबतं ते तेलातुपाने. कढईतलं उरलेलं तेल गरम असताना पातळ असतं, पाईपमध्ये गार होऊन कडांना थिजतं, त्यावर भाताची शितं आणि चहाचा चोथा चिकटतो. तेलकट भांडं घासायला टाकण्याआधी वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसा आणि तो ओल्या कचऱ्यात टाका. सिंकच्या भोकावर बारीक जाळी, मोरीत केस अडवणारी जाळी, एवढ्याने निम्मं काम होतं.

सॅनिटरी पॅड, डायपर, वेट वाइप्स संडासात कधीही टाकू नयेत. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यायची पद्धत पुण्यातल्या कचरावेचक ताईंनीच रुजवली, त्यांच्या हाताला ते लागू नये म्हणून. ती पाळा.

तुंबलंच तर असा क्रम ठेवा. आधी सिंकखाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढा. बहुतेक वेळा गाळ तिथेच सापडतो. रबरी रिंग धुऊन, नीट बसवून वाटी परत लावा. तिथे काही नसेल तर रबरी पंप वापरा. ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर हवा तिथून निघून जाते आणि पंपाचा जोर लागत नाही. तेलाचा थर असेल तर भांड्यांचा साबण घालून कढत, पण उकळतं नसलेलं पाणी ओता. उकळत्या पाण्याने पीव्हीसी पाईप मऊ पडतात आणि सांधे सुटतात.

खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला मोठा दिसतो, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात. खऱ्या तुंबाऱ्यावर त्याचा फार उपयोग होत नाही. लिंबू-संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम फरशी आणि मोरी धुवायला छान आहे: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या डब्यात तीन महिने, पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. तुंबलेला पाईप मात्र त्यानेही उघडत नाही.

आणि ॲसिड घरात आणू नका. ते टाइलमधला सिमेंटचा भराव खातं, नळांचं पॉलिश घालवतं, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये असं मिश्रण जीवावर बेततं. बाहेर पडलं तरी ते उजनीच्याच वाटेला जातं.

वापरात नसलेल्या बाथरूममधून वास येत असेल तर फिनेल ओतू नका. न्हाणी ट्रॅपमधलं पाणी सुकल्याने गटाराची हवा वर येते. आठवड्यातून एक तांब्या पाणी टाकलं की वास थांबतो.

सोसायटीची टाकी आणि गच्ची

सोसायटीची गळती एका रात्रीत मोजता येते. रात्री बाराला पंप बंद करून गच्चीच्या टाकीत पातळीची खूण करा, पहाटे पाचला पुन्हा पाहा. तीन मीटर बाय दोन मीटरच्या टाकीत पाणी पाच सेंटिमीटर उतरलं असेल तर 300 लिटर गेलं. त्यात एखाददुसरा फ्लश वजा धरला तरी तासाला पन्नास-साठ लिटर कुठेतरी गळतं आहे. महिन्याचे झाले चाळीस हजार लिटरच्या आसपास, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. बाणेर, वाघोली, उंड्रीकडच्या ज्या सोसायट्या टँकरवर आहेत त्यांनी टँकरचं बिल मंजूर करण्याआधी ही रात्र काढावी. मग एकेक विंगचा कॉक बंद करत, कुठल्या विंगमध्ये गळती आहे ते शोधायचं. मीटर बसला असेल तर त्याचे आकडे रोज ठरावीक वेळी लिहिले तरी हेच काम होतं. ओसंडणं थांबवायला पाण्याच्या पातळीवर पंप बंद करणारा सेन्सर लावा. वॉचमनच्या आठवणीवर सोडू नका.

टाकी सहा महिन्यांतून एकदा धुवायची. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गुलियन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याचा संशय पुढे आला आणि कित्येक सोसायट्यांनी टाक्यांची झाकणं उघडून पाहिली. साथ येईपर्यंत थांबायला नको. गच्चीवरच्या छोट्या टाकीसाठी: आदल्या दिवशीपासून टाकी भरू नका, उरलेलं पाणी आधी वापरून संपवा. तळाचा गाळ मगाने काढून झाडांना टाका. नायलॉनच्या ब्रशने कडा घासा, साबण नको. दहा लिटर पाण्यात तीन मोठे चमचे ताजी ब्लीचिंग पावडर कालवून ठेवा, वरचं निवळ पाणी हातमोजे घालून ब्रशने कडांना लावा. अर्धा तास थांबून दोनदा धुऊन घ्या. झाकण घट्ट बसतं का आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासजाळी आहे का ते बघा. जमिनीखालच्या टाकीत मात्र कोणीही, वॉचमननेही, उतरू नये. आत प्राणवायू कमी असतो, माणूस काही सेकंदांत कोसळतो. ते काम हवा खेळवायची सोय आणि दोर-पट्टा असलेल्या माणसांकडूनच करून घ्यावं.

राहिली गच्ची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे 93 चौरस मीटरच्या गच्चीवरून वीस टक्के वाया गेलं धरलं तरी 50 हजार लिटर मिळतं. नव्या बहुतेक इमारतींत पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायची व्यवस्था परवानगीसाठी बांधलेली असते आणि नंतर कोणी तिच्याकडे बघत नाही. मेच्या अखेरीस फिल्टरचा खड्डा उघडा, खडी काढून धुवा, कोळसा आणि जाळी बदला, गच्चीवरची पक्ष्यांची घाण आणि पालापाचोळा झाडून घ्या. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडणारा कॉक नीट फिरतो का पाहा. पार्किंगचं तेलकट पाणी बोअरकडे जाणाऱ्या लाइनला जोडलेलं नसावं. एकदा भूजल बिघडलं की ते साफ करणं फार अवघड असतं.

पुणे महापालिका पावसाचं पाणी जिरवणं, सोलर आणि गांडूळखत या सोयी चालू असलेल्या मिळकतींना सर्वसाधारण करात 5 ते 10 टक्के सवलत देते. सोय नुसती असून चालत नाही, चालू असावी लागते. म्हणून फिल्टर धुताना फोटो काढा, तारीख टाकून फाइलला लावा, आणि कॉक कोण फिरवणार त्याचं नाव जूनच्या आधी नोटीस बोर्डावर लिहा.